मोटारीचा उंबरा

पुण्याच्या रस्त्यांवरून हिंडतांना अष्टकोनी चौकटींत 'एम. जी.' अशीं दोन रोमन अक्षरें मिरवणाऱ्या मोटारी आमच्या वाचकांनीं अलीकडे पुष्कळ पाहिल्या असतील. २०१९ सालापासून त्या गुजरातेंत हालोल येथें तयार होतात. बसावयास ऐसपैस, डोक्यावर भक्कम छप्पर आणि आंत थंड वारा, अशा त्या गाड्या आहेत. परंतु हीं दोन अक्षरें ज्या गाड्यांमुळें जगभर ओळखीचीं झालीं, त्या अगदींच निराळ्या होत्या. ठेंगण्या, दोघांपुरत्या, आणि छपराच्या जागीं कापडी टप असलेल्या. ऊन पडलें कीं टप मागें दुमडावा आणि वारा तोंडावर घ्यावा, एवढ्याचसाठीं केलेल्या. तसली एक गाडी २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्हीं फार जवळून पाहिली. किंबहुना तिचीं हाडें, शिरा आणि आंतडीं सर्वच पाहिलीं. त्या पांच महिन्यांत एका प्रसंगीं आमचा सल्ला साफ चुकला. तो प्रसंग सांगण्यासारखा वाटतो, म्हणून हा लेख.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि निवृत्त होईपर्यंत शाळेंत तेंच शिकविलें. धातु म्हटला कीं आमच्यापुढें 'भू', 'गम्', 'कृ' हे उभे राहतात; ज्याला गंज चढतो तो धातु आमच्या अभ्यासक्रमांत नव्हता. आमच्या कै. वडील बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या दक्षिणेस एका गांवीं राहतो. सूनबाई दांतांची डॉक्टर आहे. त्यांची मुलगी तेव्हां बारा वर्षांची होती. त्या वर्षीं मे महिन्यांत वहिनींना घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलों. वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं एकटीनें एवढा विमानप्रवास करणें कोणासच प्रशस्त वाटेना, म्हणून आमची सोबत. परवाना सहा महिन्यांचा होता आणि परतीचीं तिकिटें ७ ऑक्टोबरचीं.

वहिनींच्या जाण्यामागें एक हेतु होता, तो त्यांनीं आम्हांस विमानांत बसल्यावर सांगितला. पुतण्यानें मागल्या हिवाळ्यांत जुनी उघडी मोटार घेतल्याचें कळविलें, तेव्हां त्या त्याला टेलिफोनवर म्हणाल्या होत्या, "टप उघडून मला एकदां फिरव, म्हणजे झालें." आमचे बंधु हयात असतां त्यांची एक स्कूटर होती. रविवारीं सकाळीं दोघें साताऱ्याहून वाईपर्यंत जाऊन येत. बंधु गेले, स्कूटर विकली, आणि त्यानंतर वहिनींच्या तोंडावर मोकळा वारा असा आला नाहीं. हें त्यांनीं अगदीं सहज सांगितलें आणि लगेच खिडकीबाहेर पाहूं लागल्या.

या गाडीचें कुळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस या उद्योगपतीचें 'मॉरिस गॅरेजेस' हें दुकान होतें. त्याचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत साध्या मॉरिस गाडीच्या सांगाड्यावर हलकीं, डौलदार अंगें चढवून विकण्यास प्रारंभ केला. दुकानाच्या नांवाचीं आद्याक्षरें तींच एम. जी. हा धंदा १९२९ सालीं थेम्सकांठच्या ॲबिंग्डन गांवीं, चामड्याच्या एका कारखान्याच्या इमारतींत गेला आणि १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत तेथेंच चालला. आमच्या पुतण्याची गाडी ती 'एम. जी. बी.' जातीची. ही जात १९६२ सालीं निघाली आणि कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. टपाच्या आणि छपराच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेस गेल्या.

ॲबिंग्डन पुतण्याच्या घरापासून दूर नाहीं. एका दुपारीं त्यानें आम्हांस तेथें नेलें. तेथली एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कारखान्यांत इकडून तिकडे जाण्यासाठीं ठेवलेली एक जुनी गाडी रंगकामाच्या दारापाशीं उभी राहून राहून अंगभर ठिपक्यांची झाली, आणि कामगारांनीं तिला ठिपक्यांवरूनच नांव ठेवलें. पुढें १९७९ सालीं कारखान्यास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां गांवच्या बिअर गाळणाऱ्यांनीं तेंच नांव आपल्या एका बिअरला दिलें. ती बिअर अद्याप मिळते असें कळलें. त्यापुढील चौकशी आम्हीं केली नाहीं.

आतां प्रत्यक्ष गाडी. ती १९७२ सालची, लाल रंगाची. चार हजार सहाशें पौंडांस घेतलेली. रंग असा कीं त्यांत पाहून भांग पाडावा. ते पैसे वस्तुतः स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठीं बाजूस काढलेले होते. सूनबाईनें आमच्यासमोर त्याविषयीं एक अक्षर काढलें नाहीं, परंतु ओट्यावरच्या कपाटाचें निखळलेलें दार उघडतांना ती तें जरा मोठ्यानें आपटत असे, एवढें आम्हांस दिसत होतें.

गाडी चालूं होत होती. पण ब्रेक पायाखालीं दबून जात, दिवे आपल्या मर्जीनें लागत, आणि इंजिन थंडीनें कुडकुडल्यासारखें हलत होतें. पुतण्या संगणकाच्या कामांतला. त्यानें गाडी दुरुस्तीचें एक जाड पुस्तक आणलें होतें, रात्रीच्या वर्गांस जाऊन वेल्डिंग शिकला होता, आणि शनिवार-रविवार गॅरेजांत घालवीत होता. जें जें काढी त्याचें आधीं छायाचित्र घेई, मग तें एका पिशवींत घालून पिशवीवर नांव लिही. ही शिस्त आम्हांस फार आवडली. आमच्याकडे पूर्वीं घड्याळजी काचेच्या घुमटाखालीं सुटे भाग ओळीनें मांडीत, त्याची आठवण झाली.

आमचा या कामांत प्रथम प्रवेश झाला तो अपूर्णांकांच्या वाटेनें. त्या काळच्या इंग्रजी गाडीचे नटबोल्ट इंचांत. पान्यांवर ७/१६, १/२, ९/१६ असे आंकडे. पुतण्या मिलिमीटरांत वाढलेला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना 'जवळजवळ' बसतो, आणि त्या तीन दशांशांत बोल्टाचे सहाही कोपरे झिजून तो गोल होतो. मग तो कानशीनें घांसून काढण्यांत अर्धा दिवस जातो. असे दोन बोल्ट गोल झाल्यावर त्यानें इंचांचे पाने विकत आणले, आणि ते हातांत देण्याचें काम नातीकडे आलें. "आजोबा, सात सोळांश मोठे कीं अर्धा?" हा प्रश्न तिनें पहिल्या दिवशीं चार वेळां विचारला, चौथ्या शनिवारीं ती पाना न पाहतां हातानें ओळखूं लागली. आम्हीं तिला छेद समान करण्यास शिकविलें, आणि तिनें आम्हांस 'रॅचेट' म्हणजे काय तें शिकविलें.

ब्रेकचें काम सर्वांआधीं घेतलें, तें योग्यच होतें. या गाडीस पुढें तबकड्यांचे आणि मागें ढोलांचे ब्रेक असतात, आणि पायाचा दाब तेलानें चाकांपर्यंत पोंचतो. या तेलाचा दोष असा कीं तें हवेंतलें पाणी शोषून घेतें. ब्रेक तापले कीं त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. मग पाय तळाला जातो आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून तें दोन-दोन वर्षांनीं बदलावयाचें असतें. या गाडींतलें तेल काळ्या चहासारखें निघालें. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट आणि आंतून फुगून बंद झालेल्या. त्या सर्व टाकून नव्या घातल्या, आणि तेल भरल्यावर आंतली हवा काढण्यास दुसऱ्या माणसाची गरज लागली. पायपट्टीवर पाय आमचा, चाकाशीं पुतण्या. "दाबा." "दाबलें." "धरा." "धरलें." "आतां सोडा." एवढा संवाद आम्ही दोन तास केला. आयुष्यभर मुलांकडून कवाईत करून घेतली. आतां ती आमच्याकडून करून घेतली गेली.

विजेच्या तारांत फार शिरत नाहीं. तेथें पुतण्याचा सिद्धांत असा होता कीं शंभर दोषांपैकीं नव्वद दोष एकच, तो म्हणजे तारेचा गाडीच्या अंगाशीं होणारा जोड गंजलेला असणें. एकेक जोड सोडून, पॉलिश कागदानें घांसून, पुन्हां आवळला. आणि दिवे मुकाट्यानें लागूं लागले. पेट्रोलच्या नळ्याही बदलाव्या लागल्या, कारण तिकडे २०२१ पासून साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतें आणि जुनें रबर त्यानें मऊ पडतें. आपल्याकडे तर हें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांवर गेलें. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची स्कूटर अजून चालते, त्यांनीं तिची पेट्रोलची नळी एकदां बोटानें दाबून पाहावी.

जुलैंतली एक दुपार मात्र वहिनींची. या इंजिनास दोन कार्बुरेटर असतात. त्यांत एक दट्ट्या इंजिनाच्या ओढीप्रमाणें खालींवर होतो, आणि त्यास जोडलेली निमुळती सुई पेट्रोल कमीजास्त सोडते. दोघांनीं हवा सारखी ओढली पाहिजे. नाहीं तर एक बैल ओढतो आणि दुसरा मागें राहतो, तशी इंजिनाची गत होते. हें जुळविण्याची जुनी रीत अशी कीं रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरावें, दुसरें आळीपाळीनें दोन्ही तोंडांशीं न्यावें, आणि सूं-सूं असा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवावा. पुतण्यास दोन्ही आवाज सारखेच वाटत. आम्हांस तर एकच ऐकूं येई. गाडी अंगणांत होती आणि वहिनी खुर्चीवर बसून शेंगा सोलीत होत्या. त्या तरुणपणीं गाणें शिकलेल्या. तंबोरा त्यांचा त्याच जुळवीत. त्यांनीं नळी मागितली, कानाशीं धरली, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "मागचा किंचित् चढा आहे. उतरव. अजून. आतां फार झालें. थोडा वर घे. हां, राहूं दे तिथें." इंजिनाची कुडकुड थांबली. पुतण्यानें मागाहून मापाचें यंत्र आणून पाहिलें. स्क्रूला हात लावावा लागला नाहीं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यांत गाडी रस्त्यावर काढण्याजोगी झाली असें सर्वांस वाटलें. वहिनींनीं डोक्यास बांधावयाचा रुमाल धुवून ठेवला. त्या शनिवारीं पुतण्याच्या मनांत आलें कीं गाडीबरोबर मिळालेला मूळचा जॅक वाटेंत लागला तर चालतो कीं नाहीं, तें पाहून ठेवावें. तोंवर त्यानें गाडी नेहमीं आंसाखालीं किंवा पुढच्या आडव्या तुळईखालीं उचललेली. हा जॅक दाराखालच्या लांबट पट्टींत, म्हणजे उंबऱ्यांत, मधोमध लावावयाचा. त्यानें तो लावून दांडा फिरविला. चाक उचललें गेलें नाहीं. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि जॅकचें टोंक दोन बोटें वर, उंबऱ्याच्या पोटांत गेलें. रंगास एक बारीक रेघ पडली. दार उघडून पाहिलें, तें पुन्हां नीट लागेना.

पुतण्यानें एक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या तकतकीत लाल रंगावर टोंचला. तो मुठीपर्यंत आंत गेला. भाताची परीक्षा शितावरून, हा न्याय आम्हांस पाठ होता. तो इतक्या क्रूरपणें लागू होतांना पाहिला नव्हता. खरवडल्यावर आंत काय सांपडलें? रंगाखालीं अर्धा इंच लांबी, लांबीखालीं तारेची जाळी, आणि जाळीखालीं तपकिरी भुगा. लोखंड असें नव्हतेंच. विकणाऱ्यानें हें जाणून केलें कीं त्याच्याआधींच्या कोणीं केलें, तें कळण्यास मार्ग नाहीं. घेतांना पुतण्यानें एक साधें लोहचुंबक उंबऱ्यावरून फिरविलें असतें, तरी जेथें लांबी जाड तेथें तें चिकटलें नसतें; पण रंग इतका सुंदर होता कीं तो चुंबकाला विसरला.

येथें उंबऱ्याचें महत्त्व सांगितलें पाहिजे. जोड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झांकण असतां तो पिळूं पाहिल्यास पिळत नाहीं. झांकण काढा, लगेच वांकडा होतो. मोटारीचें छप्पर तें हें झांकण. जुन्या गाड्यांस, या जातीच्या आधींच्या एम. जी. ए. गाडीससुद्धां, खालीं स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे. वरच्या अंगानें भार घ्यावा अशी अपेक्षाच नव्हती. एम. जी. बी. ला तसा सांगाडा नाहीं. अंग हाच सांगाडा. पुढें इंजिनाचें ओझें, मागें आंस, आणि मधें दोन दारांच्या जागीं दोन मोठीं खिंडारें. हें सर्व एकत्र धरून ठेवण्याचें काम मुख्यतः दोन उंबरे आणि मधला बोगदा यांच्याकडे. उंबरा बाहेरून एक पट्टी दिसतो, पण आंत तीन-चार पत्रे जोडून केलेली ती पोकळ पेटी असते. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून मीठ टाकतात. तें खारट पाणी या पेटींत शिरतें, निथळण्याची भोंकें चिखलानें बुजलीं कीं आंतच राहतें, आणि पत्रा आंतून बाहेर खात येतें. कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यांनीं मोटार ठेवली आहे, त्यांस हें अधिक सांगण्याची गरज नाहीं.

वहिनींच्या प्रयाणास सात आठवडे उरले होते, म्हणजे पुतण्याच्या हातीं चौदा दिवस. दोन्ही बाजूंचे उंबरे रीतसर बदलावयाचे तर पुढचे पंखे उतरावे, मागच्यांचा खालचा भाग कापावा, आंतले पत्रे एकेक करून लावावे. हें चौदा दिवसांचें काम नव्हे.

आम्हीं त्या रात्रीं जेवतांना आमचें मत सांगितलें. तें असें. वरून एक पत्रा ठोकून जोडावा, रंगाचा हात द्यावा, वहिनींना गांवाभोवतीं एक फेरी घडवावी, आणि मग हिवाळ्यांत सावकाश सर्व काम करावें. कायद्याची आडकाठी नव्हती. तिकडे चाळीस वर्षांवरील गाडीस, तींत मोठे फेरफार केलेले नसल्यास, २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाहीं. कोणी पाहणार नव्हतें. एवढी म्हातारी बाई एवढ्या दूर आली. तिची एक इच्छा. आणि तुम्ही पत्र्याचा हिशेब करतां! हें शेवटचें वाक्य आम्ही जरा चढ्या आवाजांत बोललों.

पुतण्या म्हणाला, "काका, कोणी पाहत नाहीं म्हणून गंज थांबत नाहीं. गाडी रस्त्यावर धड असली पाहिजे ही जबाबदारी माझ्यावर आहेच." आणि गप्प बसला. आम्हांस तो हेकटपणा वाटला.

मग सूनबाई बोलली. आतांपर्यंत तिनें गॅरेजांत पाऊल टाकलें नव्हतें. ती म्हणाली, "काका, माझ्याकडे रोज असे लोक येतात. दात आंतून किडलेला, आणि म्हणतात, लग्न आहे, वरवर सिमेंट भरून द्या. भरून दिलें तर लग्नांत चांगलें दिसतें. आंतली कीड मात्र आतां झांकलेली म्हणून जोरांत चालते, आणि पुढच्या वेळीं दात जातो. या गाडीला पहिल्यानें कोणीं तरी तेंच करून दिलें आहे. त्यावर आपण आणखी एक करायचें का?"

आम्ही निरुत्तर झालों नाहीं. वाद पुढें चालविण्याची आमची तयारी होती. परंतु वहिनी ताक वाढतां वाढतां म्हणाल्या, "भाऊजी, मला फिरायला जायचें आहे, पडायला नाहीं." तेथें विषय संपला. आम्ही दोन दिवस पुतण्याशीं मोजकें बोललों, हें कबूल करतों.

तिसऱ्या दिवशीं तो गॅरेजांत एकटाच दिसला, म्हणून गेलों. त्यानें उजव्या बाजूच्या खांबास पुढें ढकलून पाहावयास सांगितलें. आम्हीं हातानें दाबलें, आणि तो खांब हलला. आमच्यासारख्या साठी उलटलेल्या, दंडांत बळ नसलेल्या माणसाच्या हातानें मोटारीच्या दाराचा खांब हलला. त्या गाडींत आम्ही वहिनींना बसविणार होतों.

पुढचें काम पाहतांना मात्र मन रमलें. उघड्या गाडीचा उंबरा कापावयाचा म्हणजे आधीं तिला धरून ठेवावें लागतें. नाहीं तर जुना पत्रा निघतांच गाडी मधें वांकते, आणि नवा पत्रा वांकडेपणासकट कायमचा बसतो. म्हणून दाराच्या खिंडारांत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी दांड्या जोडल्या. एका वेळीं एकच बाजू कापावयाची, दुसरीस हात लावावयाचा नाहीं. दार पुनःपुन्हां बसवून भोंवतालची फट मोजावयाची. हें मोजण्याचें काम सूनबाईनें आपण होऊन अंगावर घेतलें. तिच्याजवळ बारीक फटी मोजण्याचीं उपकरणें होतीं आणि चुकीस क्षमा न करणारी नजर होती. दोनदां तिनें जोड तोडून पुन्हां करावयास लावला. ओट्यावरच्या कपाटाचें दार या सुमारास कोणीं तरी दुरुस्त केलें. कोणीं, तें आम्हीं विचारलें नाहीं.

नवे पत्रे मिळण्यास अडचण पडली नाहीं, हें या जातीचें भाग्य. कारखाना बंद झाला तरी पुष्कळसे मूळ सांचे वांचले होते, आणि १९८८ सालीं त्यांवरून या गाडीचें संपूर्ण अंग पुन्हां नवें तयार होऊं लागलें. दोन्ही उंबऱ्यांचे पत्रे मिळून जो खर्च आला, तो ऐकून आम्हांस आश्चर्य वाटलें. गाडीच्या किमतीच्या मानानें तो अगदीं थोडा होता. भारी पडतात ते माणसाचे तास. घरीं काम करणारा ते तास हिशेबांत धरीत नाहीं, म्हणून त्यास स्वस्त पडल्यासारखें वाटतें.

पातळ पत्रा एका दमांत जोडीत गेल्यास उष्णतेनें वळतो. म्हणून येथें एक ठिपका, तेथें एक ठिपका, मग थांबून निवूं द्यावयाचें, असें तें वेल्डिंग. त्याआधीं पेट्रोलची टाकी काढून अंगणापलीकडे ठेवलेली, आसनांमागच्या सहा-सहा व्होल्टांच्या दोन्ही बॅटऱ्या सोडविलेल्या, आग विझविण्याचें नळकांडें नातीच्या हातांशीं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरावयाचें नाहीं, घोड्या लावल्याच पाहिजेत, हा नियम पुतण्यानें खडूनें भिंतीवर लिहून ठेवला होता. जोड झाल्यावर आंतून जस्ताचा रंग, त्यावर पातळ मेण फवारलें, आणि निथळण्याचीं भोंकें तारेनें मोकळीं केलीं. हें शेवटचें काम नातीनें फार मन लावून केलें.

ऑक्टोबर उजाडला तेव्हां उजवी बाजू पुरी झाली होती. डावी कापलेली, दांड्यांनीं धरलेली, उघडी पडली होती.

निघण्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं वहिनी रुमाल बांधून गॅरेजांत आल्या. गाडी घोड्यांवर, पुढची चाकें नाहींत. पुतण्यानें उजवें दार उघडलें, तिकडच्या गाड्यांस सुकाणूं आपल्यासारखेंच उजवीकडे असतें, आणि त्यांना धरून चालकाच्या आसनावर बसविलें. तें आसन पाटाइतकें बुटकें. त्या म्हणाल्या, "जेवायला बसल्यासारखें वाटतें." टप मागें दुमडलेला होता. गॅरेजचें दार सताड उघडें, बाहेर बारीक पाऊस. त्यांनीं सुकाणूं दोन्ही हातांनीं धरलें, प्रत्येक बटण कशाचें तें विचारलें, कर्णा एकदां वाजविला, आणि मग बराच वेळ कांहीं न बोलतां समोरच्या पावसाकडे पाहत राहिल्या. पुतण्या भिंतीकडे तोंड करून पाने लावीत होता. ते पाने आधींच लावलेले होते.

उतरल्यावर त्यांनीं दार स्वतः लावलें. तें एका बोटानें लागलें. त्यांनीं तें पुन्हां उघडलें, पुन्हां लावलें.

डावी बाजू जानेवारींत पुरी झाली. सक्ती नसतांही पुतण्यानें २०२४ च्या एप्रिलांत गाडी तपासणीस नेली आणि ती उतरली. त्याच दिवशीं त्यानें साताऱ्यास चलच्चित्र-टेलिफोन केला. शेजारच्या आसनावर नात बसली होती, केस उडत होते, वाऱ्यामुळें बोललेलें अर्धेंअधिक ऐकूं येत नव्हतें. वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. पुन्हां जाण्याचें डॉक्टर सांगतील तेव्हां. रुमाल त्यांनीं पेटींत वरच ठेवला आहे. त्यांनीं टेलिफोन जवळ घेतला आणि मोठ्यानें विचारलें, "अरे, डावीकडचें दार कसें लागतें?"

नातीनें तिकडून गाडी थांबवावयास लावली, उतरली, आणि दार लावून दाखविलें.